ठेवणीतली कात्री

हत्यार घ्यायचं तर बाजारातलं सगळ्यात चांगलं घ्यायचं, हा माझा नियम. या एका नियमावरून माझी आणि माझ्या थोरल्या जावेची जेवढी भांडणं झाली, तेवढी स्वयंपाकघरावरून किंवा मुलांवरून कधी झाली नाहीत. आम्ही दोघी सदाशिव पेठेत ब्लाउज शिवतो. क्लासच्या मुलांच्या स्कूटर उभ्या असतात त्या बोळात, एका इमारतीच्या तळमजल्यावर आमची खोली आहे. दारावर पाटी आहे : 'जुन्या ब्लाउजवरून माप घेतले जाणार नाही. माणूस बदलतो.' पाटी जावेने लिहिली. बायका ती वाचतात, मनातल्या मनात चिडतात आणि मुकाट्याने हात वर करून माप देतात.

कटिंग तिचं आणि शिवण माझं, ही आमची पहिल्यापासूनची वाटणी. मी शिवते बरं, त्याबद्दल मला कुणाकडून ऐकायची गरज नाही. पण कटिंग ही वेगळी गोष्ट आहे. बाई दारातून आत आली की तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली आहे, ती पर्स कुठल्या बाजूला अडकवते, पाठीत थोडी वाकते, हे सगळं माझ्या जावेला टेपला हात लावण्याआधी दिसलेलं असतं. माप सगळेच घेतात. जाऊ माप घेते आणि मग त्यात कुठे अर्धं बोट सोडायचं ते ठरवते. त्या अर्ध्या बोटासाठी बायका शहराच्या दुसऱ्या टोकाहून आमच्या बोळात येतात आणि गाडी लावायला जागा नाही म्हणून आम्हालाच बोल लावतात.

तर भांडण असं, की माझ्या मते चांगल्या हाताला चांगलं हत्यार हवं आणि तिच्या मते हात चांगला असेल तर हत्यार कसलंही चालतं. मी काही नवं आणायचं म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं : "नाचता येईना, अंगण वाकडं."

तिची स्वतःची कात्री बघितली असती तर तुम्हाला हसू आलं असतं. लग्न होऊन आली तेव्हापासूनची. मधला स्क्रू ढिला, तो घट्ट राहावा म्हणून त्यात दोऱ्याचा तुकडा अडकवलेला. अंगठा घालायच्या कडीला चिंधी गुंडाळलेली, कारण कडीची कड अंगठ्यात रुतायची. दर चार-दोन महिन्यांनी ती कात्री कसबा पेठेत जाऊन धार लावून यायची आणि आठवडाभरात पुन्हा होती तशी व्हायची. सुती कापड ठीक होतं. पण सुळसुळीत रेशीम तिच्या पात्यांमध्ये नुसतं दुमडायचं आणि मग जाऊ अंगठ्याचा जोर लावून, दात-ओठ खाऊन ते कापायची.

मी मात्र पायमशीन सोडून मोटरचं मशीन घेतलं तेव्हा घरात कुणाला विचारलं नाही. दुकानदाराने तीन मशीनं दाखवली, मी सगळ्यात जड होतं ते घेतलं. पहिल्या दिवशी त्याचा आवाज ऐकून जाऊ म्हणाली, "कुठे निघालंय हे? मुंबईला?" महिन्याभरात माझी कंबर दुखायची थांबली, अस्तर आणि कापड एकमेकांवरून सरकायचं थांबलं आणि मी दिवेलागणीला घरी जायला लागले. पुढे एकदा जाड खणाचा ब्लाउज आला, तेव्हा तिनेच हळूच विचारलं, "अगं, हे तुझ्या त्या मुंबईवर होईल का?" त्या दिवशी मी मनातल्या मनात पेढे वाटले.

आता कुणी म्हणेल, बाईंचं सगळंच बरोबर निघालं वाटतं. नाही. मोटरच्या मशीनने माझी भीड चेपली आणि मी भरतकामाचं कॉम्प्युटरवालं मशीन आणलं. त्याच्या पडद्यावर बोट लावलं की मोर, कमळ, कोयरी, जे म्हणाल ते उमटायचं. वस्तू उत्तमच होती, त्यात खोट नव्हती. पण आमच्या बायकांना मोर नको होते. त्यांना काखेत न दाटणारा ब्लाउज हवा होता. ते मशीन आमच्या खोलीची एक अख्खी भिंत अडवून बसलं. जाऊ रोज आल्या आल्या त्याला नमस्कार करायची आणि म्हणायची, "फोटो तरी काढून घे त्याच्याबरोबर, पैसे वसूल." शेवटी शहराबाहेरच्या मांजरी गावाहून एक बाई आल्या. तिकडे नव्या सोसायट्या झाल्यात, लग्नाच्या ऑर्डरी पुष्कळ, असं म्हणाल्या. त्यांनी पडद्यावर दोनच बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "चांगलं हाय की हो. तुमच्याकडं नुसतं बसून हाय व्हय?" टेम्पोत घालून घेऊन गेल्या. आज त्या मशीनवर त्यांच्या सुना आळीपाळीने काम करतात आणि त्याला एक दिवस सुट्टी नसते. म्हणून सगळ्यात चांगलं म्हणजे आपल्या कामाला सगळ्यात चांगलं, एवढी दुरुस्ती मी माझ्या नियमात केली. नियम सोडला नाही.

त्याच सुमारास मी जावेसाठी कात्री आणली. आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची मुलगी परदेशात असते, तिच्याकडून मुद्दाम मागवली. ती कात्री हातात घेतली की कळायचं. वजन पात्यात होतं, मुठीत नव्हतं. मूठ जरा वर वाकवलेली, त्यामुळे खालचं पातं टेबलावर सपाट टेकायचं आणि कापड उचललं जायचं नाही. अंगठ्याची कडी मोठी, आतून गोलाई दिलेली. जावेने एका चिंधीवर एकदाच ती चालवली. चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं, लपवायला तिला उशीर झाला.

"छान आहे," ती म्हणाली. मग तिने ती पुसली, मलमलच्या फडक्यात गुंडाळली आणि लोखंडी कपाटात ठेवली. "ठेवणीत राहू दे."

ठेवणीतलं! या शब्दावर माझा फार जुना राग आहे. आमच्या घरात ठेवणीतल्या साड्या, ठेवणीतल्या चादरी, ठेवणीतले कप. पाहुणे आले की ठेवणीतले कप निघायचे आणि आम्ही मात्र कान तुटलेल्या कपांतून चहा प्यायचो. उत्तम वस्तू घ्यायची, तिचं कौतुक करायचं आणि मग वाईट वस्तूने दिवस काढायचे. वस्तू महाग असेल तेवढी ती अंधारात जास्त. असं फक्त आपणच करत असू. साडीचं एक वेळ मी समजू शकते. पण हत्यार ठेवणीत? धार ही काय फिक्स डिपॉझिट आहे, की कपाटात ठेवली तर वाढेल?

त्या कात्रीला वर्षातून एक दिवस बाहेरची हवा लागायची. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. मशीनला झेंडूचा हार, इस्त्रीला फूल, टेपला फूल. पाटावर मध्यभागी ती परदेशी कात्री, तिला हळद-कुंकू. तिच्या शेजारी रोजची कात्री, चिंधीसकट. मी दर वर्षी म्हणायचे, "वहिनी, उद्या दसरा. चांगला मुहूर्त आहे. उद्यापासून हीच वापरा." आणि ती दर वर्षी म्हणायची, "रोजच्या कापडाला रोजची कात्री." दसऱ्याच्या संध्याकाळी कुंकू पुसून कात्री पुन्हा कपाटात.

हे असंच चालत राहिलं असतं. पण तिचा अंगठा दुखायला लागला.

आधी तिने सांगितलंच नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण माझ्याकडे यायला लागलं. चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरायला लागली. एकदा कापडावर खूण करताना तिच्या बोटांतून खडू पडला, तिने उचलला, पुन्हा पडला. दुसऱ्या वेळी मी तो उचलून दिला आणि तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिला जवळजवळ ओढत डॉक्टरांकडे नेलं. आमच्याच पेठेत हाताचे एक डॉक्टर आहेत, तरुण आहेत, बोलतात नीट. त्यांनी फोटो काढायला लावला आणि सांगितलं की अंगठ्याच्या मुळाशी जो सांधा असतो तो झिजलाय.

"काम काय करता आपण?"

तिने पिशवीतून कात्री काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती हातात घेऊन दोनदा उघडमीट केली. "आपण रोज हिने कापता?"

"का? आपल्याला पाहिजे का?" जाऊ म्हणाली.

डॉक्टर हसले, पण पुढे जे बोलले ते हसत नाही बोलले. हाताला पट्टा लावायचा, काही महिने कात्रीला हात लावायचा नाही. त्यानंतर हत्यार हलकं चालणारं असेल आणि धार पक्की असेल तर थोडं थोडं काम करून बघू. पुन्हा असाच जोर लावलात तर कात्री कायमची विसरा. रस्त्याने ती कात्रीची पिशवी छातीशी धरून चालली होती. माझ्या डोक्यात मात्र एकच चालू होतं. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. आमच्याकडे तर दातही होते आणि चणेही होते. चणे डब्यात ठेवून आम्ही खडे चावत होतो.

कटिंगसाठी मी कसबा पेठेतले एक मास्तर ठरवले. माणूस चोख होता. दिलेल्या मापात दोऱ्याचा फरक नाही. पण बायकांना पहिल्यांदाच मापातला ब्लाउज मिळत होता आणि तो त्यांना नको होता. "यंदा जरा वेगळंच बसलंय हो," असं म्हणत एकेक बाई परत यायला लागली. मी उसवत होते, पुन्हा शिवत होते.

धंद्याची काळजी मला होतीच. पण त्याहून जास्त काळजी मला तिची वाटायला लागली. पट्टा लावलेला हात मांडीवर ठेवून ती कोपऱ्यात बसायची. हुक लावायलाही अंगठा लागतो, त्यामुळे तेही नाही. फोन घ्यायची, घड्या घालायची. मग दुपारची यायला लागली. मग एक दिवसाआड. बोचरं बोलणं हा तिचा श्वास होता आणि तेही बंद झालं. एका बाईने चक्क जुना ब्लाउज पुढे करून "याच्यावरून माप घ्या" म्हटलं, तर ही म्हणाली, "ठेवा." मी मशीन थांबवून तिच्याकडे पाहिलं. त्या दिवशी मला खरी भीती वाटली. ही बाई हळूहळू घरी बसणार, घरी बसली की संपणार, आणि मी या खोलीत चांगल्या मशीनसमोर एकटी उरणार, हे मला स्पष्ट दिसलं.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी पट्टा काढला आणि म्हणाले, थोडं सुरू करा, दुखलं की थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या आधी खोलीवर हजर होती. टेबल पुसलेलं, त्यावर एक निळं रेशमी कापड पसरलेलं, आणि तिच्या हातात तीच चिंधीवाली कात्री.

माझं डोकं सणकलं. मी कपाट उघडलं, फडकं सोडलं आणि नवी कात्री तिच्यासमोर आपटली.

"ही घ्या."

"नको गं. ती ठेवणीतली आहे."

"कुणासाठी ठेवलीय? राणी येणारेय का ब्लाउज शिवायला?"

तिने आपला अंगठा दुसऱ्या हातात धरला. "हा हात आता असला. वेडंवाकडं दाबलं, पातं बिघडलं तर? एवढी चांगली वस्तू."

म्हणजे तिला काळजी कात्रीची होती! आपल्या हाताने कात्री बिघडेल म्हणून ती कात्रीने हात बिघडवायला बसली होती. मला इतका राग आला, इतकं वाईट वाटलं, की काय करावं सुचेना. शेजारी त्या दिवशीचं वर्तमानपत्र पडलं होतं. मी ती कात्री उचलली आणि वर्तमानपत्र वरपासून खालपर्यंत सरळ कापत नेलं.

शिवणकाम करणाऱ्यालाच कळेल मी काय केलं ते. कापडाच्या कात्रीने कागद कापायचा नसतो. कागदाने धार जाते. आमच्या घरात मुलांनी चुकून पतंगाच्या कागदाला कापडाची कात्री लावली तर जेवण मिळायचं नाही. आणि मी जाणूनबुजून, तिच्या डोळ्यांदेखत, छापील कागद कापला.

"अगं ए बये!" ती अशी ओरडली की बोळातला एक मुलगा स्कूटर थांबवून आत डोकावला. "कापडाची कात्री आहे ती! अक्कल आहे का नाही?"

"होती कापडाची," मी म्हटलं. "आता उष्टी झाली. आता ती ठेवणीत चालायची नाही. एक तर कामाला लावा, नाहीतर मी रद्दी कापायला घेते."

मी कागदाचा दुसरा तुकडा उचलला. तिने माझ्या हातातून कात्री हिसकावली. पाती उजेडात धरून बघितली. मलमलने पुसली, तेलाचं बोट फिरवलं, पुन्हा पुसली. हे करताना तिचं तोंड चालू होतं : मी कशी उधळी आहे, माझ्या माहेरी वस्तूंची किंमत कशी कुणी शिकवली नाही, माझ्या नवऱ्याने मला कसं डोक्यावर बसवून ठेवलंय. ऐकताना मला फार बरं वाटत होतं. बोलता बोलता तिने निळ्या रेशमावर पातं टेकवलं.

कापड उचललं गेलं नाही. दुमडलं नाही. पात्याचं वजन आपलं आपण पुढे जात होतं, अंगठा नुसता बरोबर चालला होता. गळ्याची गोलाई, खांदा, काखेचा वळसा. पुढची बाजू पूर्ण झाली आणि ती थांबली. तिने अंगठ्याकडे पाहिलं, मग तो उघडून-मिटून पाहिला.

"दुखलं नाही," ती म्हणाली.

"मग?"

"मला वाटायचं, दुखतं म्हणजे काम होतंय."

असं म्हणून ती खाली बसली आणि रडायला लागली. मी तिच्या शेजारी बसले आणि मीही रडले. बाहेर एक बाई पाटी वाचत उभी होती. तिला आम्ही तशीच उभी ठेवली.

चांगली वस्तू घेणं परवडतं का, असं मला अजूनही लोक विचारतात, विशेषतः नव्याने शिवण शिकणाऱ्या मुली. मी सांगते, परवडतं. कागद कापल्यावर आम्ही ती कात्री धार लावायला पाठवली आणि ती पहिल्यासारखी होऊन आली, कारण तिच्या पोलादात धार धरायची ताकद होती. भिकार कात्रीला धार लावणं म्हणजे खोटं बोलणाऱ्याला शपथ घालणं. जावेचा सांधा काही पहिल्यासारखा झाला नाही, होणारही नाही. साधे ब्लाउज आता मास्तर कापतात. अवघड खांदे आणि रेशीम ती स्वतः कापते, सकाळच्या वेळात, आणि दुखलं की थांबते. पण पहिल्या दिवशीच हातात चांगली वस्तू घ्यायला कुणी शिकवलं असतं तर तिचा सांधा वाचला असता. हे मला आजही लागतं.

परवा तिने आपण होऊन विषय काढला. कटिंगचं टेबल उंच आहे, आजवर ती उभ्यानेच काम करत आली. "मला एक खुर्ची बघायचीय," म्हणाली. आम्ही रिक्षाने नदीपलीकडच्या एका दुकानात गेलो. तिने सरळ आत जाऊन सांगितलं, "उंच टेबलापाशी बसून काम करायचंय. पाठीला टेकू पाहिजे. तुमच्याकडे सगळ्यात चांगली असेल ती दाखवा." माझ्या कानांवर माझा विश्वास बसला नाही.

दुकानदाराने तिची सुती साडी पाहिली, पायातल्या चपला पाहिल्या. कोपऱ्यातल्या एका खुर्चीकडे बोट केलं आणि म्हणाला, "काकू, ती भारीतली आहे. घेणार आहात की नुसती बघणार?"

"बसणार आहे," जाऊ म्हणाली.

आणि बसली. दांडा ओढून वर-खाली करून पाहिलं, पाय टेकले, पाठ मागे टेकली. दुखरा हात खुर्चीच्या हातावर ठेवून ती बराच वेळ तशीच बसून राहिली. मग उठली आणि मला म्हणाली, "पैसे दे."

दुकानदार एकदम अदबीने वागायला लागला. पोऱ्याला हाक मारून म्हणाला, "वरचं प्लॅस्टिक तसंच राहू दे रे. काकू, घरी गेल्यावरही काढू नका. वर्षानुवर्षं नवीच्या नवी राहील."

"काढा ते," ती म्हणाली.

"अहो, खराब होईल."

"होऊ दे की. आणि सकाळी लवकर पोचवा. माझं कटिंग आहे."